सुई हललीच नाही

वन्सं आणि मी एकाच रेडिओच्या खोलीत काम करतो हे ऐकलं की लोक आधी हसतात. आमचा छत्तीसचा आकडा बंदरभर ठाऊक आहे. मी किनाऱ्यावरून बोटींशी बोलते, त्या यंत्रं दुरुस्त करतात. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, बहुतेक वेळ समुद्रावर असतात. सुटले बिचारे.

त्या दुपारी वादळाचा इशारा आला. जवळच्या बोटींना माझा आवाज पोचला, त्या परतल्याही. लांब गेलेली ह्यांचीच एकटी बोट राहिली. हाका मारून मारून घसा कोरडा पडला, पण उत्तर नाही.

यंत्रावरच्या मीटरवर मात्र सगळं ठणठणीत. मनोऱ्यावरच्या ॲंटेनात बिघाड असला की केबलमधून पाठवलेली रेडिओची लाट वरून उलटी फिरते, जाणाऱ्या लाटेला भिडते आणि मीटरची सुई चढते. इथे सुई शून्यावर. म्हणजे आपल्याकडे दोष नाही, बोटीचंच काही बरंवाईट झालं असणार.

वन्सं सुईकडे बघत राहिल्या. इतक्या जुन्या केबलमधून काहीच परत येत नाही हे पटत नाही, म्हणाल्या. माझं डोकं फिरलं. भाऊ तिकडे वादळाच्या तोंडी, आणि बहिणीला चांगल्या मीटरमध्ये खोट काढायची! मी नाही नाही ते बोलले. त्यांनी पाना उचलला, मनोऱ्यावर चढल्या आणि ॲंटेनाच सोडवून खाली आल्या.

"आता पाठव. वर काहीच जोडलेलं नाही, सगळं परत आलं पाहिजे."

मी बटण दाबलं. सुई हललीच नाही.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाट वर धड पोचत नव्हती आणि परत यायलाही उरत नव्हती. केबलच सगळं वाटेत गिळत होती. वन्संनी ती कापली, तर आतून पाणी गळायला लागलं.

दोघींनी मिळून नवी केबल ओढली. पहिल्याच हाकेला सुई जराशी उचलली गेली आणि खरखरीतून ह्यांचा आवाज आला, "अगं, होतीस कुठे? सकाळपासून हाका मारतोय."

वन्संनी माझ्या हातातून माईक घेतला आणि भावाला मागे फिरायला फर्मावलं. वारा सुटायच्या आत बोट धक्क्याला लागली.

हे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत. तसं मी वन्संना सांगितलं, तर त्यावरूनही त्यांनी वाद घातला. माझं काहीच त्या मुकाट्याने ऐकून घेत नाहीत. परवा मात्र मी काहीतरी म्हटलं आणि त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. मी लगेच त्यांच्या कपाळाला हात लावला, तर चांगलाच ताप. गोळी दिली. ती कडू आहे म्हणून त्या माझ्याशी भांडल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.