हद्दीवरचा खांब

मी एक जुना सागवानी खांब आहे. मित्रांनो, माझी जागा भर समुद्रात, पण सध्या मी वाळूत आडवा पडलो आहे. बरंच आहे. ताठ उभं राहायची मला लाज वाटते.

मनोरकडच्या रानात मी वाढलो. आमच्या गावच्या तात्या तांडेलांनी मला समुद्रात रोवलं. माझ्या अलीकडे आमच्या गावाची जाळी, पलीकडे शेजारगावाची. मी नव्हतो तेव्हा जाळी एकमेकांत अडकून फाटायची, मग माणसांची डोकीही फुटायची. मी आलो आणि भांडणं थांबली. दर पंधरा ऑगस्टला तात्या शाळेत माझं उदाहरण द्यायचे. "हद्द राखली तर गाव ऱ्हातं, आन गाव ऱ्हायलं तर देश." ऐकून आलेली पोरं होडीतून मला बघायला यायची. मी फुशारून जायचो.

यंदा शेजारगावच्या अंकुशची होडी माझ्याजवळच पाण्याने भरली. माझ्या अंगाला आमच्या जाळीचा दोर बांधलेला होता, त्याला धरून तो कसाबसा तरंगत राहिला. इतक्यात तात्यांची बोट दिसली आणि माझा जीव भांड्यात पडला. पण बोट लांबच थांबली. इंजिनच्या आवाजात त्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही. तात्यांना वाटलं, हा आपली जाळी सोडवून चोरायला आला. त्यांचा पुतण्या हर्षित याने मोबाइलवर पुरावा म्हणून लांबूनच त्याचं चित्रण केलं आणि बोट निघून गेली. मला पाय असते तर मी स्वतः अंकुशला किनाऱ्यावर नेलं असतं. शेवटी गुजरातच्या एका बोटीने अंकुशला वर घेतलं.

मग जाळीच्या चोरीच्या आरोपावरून दोन्ही गावांची बैठक किनाऱ्यावर भरली. हद्दीचा निकाल लागेपर्यंत मला उपटून तिथेच आणून टाकलं होतं. तात्यांनी ऐटीत मोबाइल पुढे केला. सगळ्यांनी चित्र मोठं करून नीट पाहिलं. होडी बुडत होती, आणि अंकुशचा एक हात वर होता.

"तात्या, मी तुमालाच बोलवत व्हतो," अंकुश म्हणाला.

तात्यांनी मोबाइल खाली घेतला. अंकुशची आई साखरबाई उठली. "गुजरातवाल्यानं गाव इचारलं नाय. आदी हात दिला. खांब पुना रोवा, तात्या, हद्द पायजेच. पन हद्दीवर कोन दिसला तर जवल जाऊन बगा."

मित्रांनो, तुम्ही वहीत देशाचा नकाशा काढता. त्याची रेघ ठळक काढा, ती लागतेच. पण ती रेघ आपली माणसं जपायला असते, हे मी विसरलो होतो.

उद्या मला पुन्हा रोवणार आहेत. आज सकाळी तात्या एकटेच आले. माझ्या पलीकडच्या अंगाला, शेजारगावाच्या बाजूला, त्यांनी एक नवा जाड दोर बांधला. सगळा जोर लावून तो ओढून पाहिला. मग दोर हातात धरूनच माझ्याशेजारी वाळूत बसले, मान खाली घालून.