लेप्टिसच्या दालनातली निळी खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. टोरांटोजवळच्या एका लहानशा संग्रहालयात राहते. इथे उत्तर आफ्रिकेतल्या प्राचीन वस्तू मांडल्या आहेत. कार्थेजचे मातीचे दिवे आहेत, लिबियातल्या नगरांची नाणी आहेत. मित्रांनो, त्या दोन हजार वर्षांच्या आणि मी जेमतेम बावीसची, तरी इथे जुनी म्हणून हिणवली जाते ती मीच!

माझा जन्म इथून जवळच्या किचनर शहरातल्या एका कारखान्यात झाला. पोलादी नळ्या वाकवून सांगाडा केला, त्यावर निळं रेक्झिन चढवलं. नवी असताना माझा काय रुबाब होता! पायाला प्लास्टर घातलेले खेळाडू, दम लागणाऱ्या आज्या, सगळ्यांना मी दालनांतून फिरवलं. मग वजनाने हलक्या अशा दोन नव्या खुर्च्या आल्या. माझी रवानगी जिन्याखाली झाली, बर्फावर टाकायच्या मिठाच्या बादल्यांशेजारी. चार हिवाळे मला कुणी हात लावला नाही.

गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी दोन्ही नव्या खुर्च्या कुणीतरी नेल्या होत्या, म्हणून मला बाहेर ओढलं. समोर ऐंशीच्या घरातले नंदकुमार आजोबा उभे होते. सोबत मुलगी सीमा आणि तेरा वर्षांची नात जाई. टोरांटोच्या एटोबिको उपनगरातून आली होती ही मंडळी.

"मला नको ती," आजोबा म्हणाले. "मी काय आजारी आहे?"

"बाबा, गुडघा बघा ना तुमचा. प्लीज. दमलात तर अर्ध्यातून घरी जावं लागेल."

आजोबा कुरकुरत बसले. ते कानटोपी काढत होते, तेवढ्यात सीमा जाईच्या कानाशी लागली. "आजी गेल्यापासून ते कुणाशी धड बोलतच नाहीत गं. नावंसुद्धा विसरायला लागलेत. लिबियात सात वर्षं नोकरी केली त्यांनी. तिथलं काही बघून बोलले तर बघू."

आम्ही दिव्यांपुढून गेलो, नाण्यांपुढून गेलो. आजोबांची नजर मांडीवरच्या कानटोपीवरच. माझ्या मुठींवरची सीमाची पकड सैल होत चालली.

शेवटच्या दालनात भिंतभर एक छायाचित्र आहे. लिबियातल्या प्राचीन लेप्टिस नगराचं दगडी नाट्यगृह, अर्धगोल पायऱ्या आणि पलीकडे निळा समुद्र. आजोबांनी माझे हात घट्ट धरले.

"थांब. इथे तुझी आई गायली होती."

"आई? आई कुठे गायची, बाबा?"

"शुक्रवारी सुट्टी असायची. डबा घेऊन जायचो आम्ही. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलो, ती खाली उभी राहून गायली. अगदी हळू. पण शब्द न् शब्द वर आला बघ."

"वेट, आजोबा, व्हॉट डिड शी सिंग?" जाईने विचारलं.

आजोबांनी डोळे मिटले. "समुद्राच्या पल्याड गं, माझ्या माहेराचा दिवा..." आणि ते अडले. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं, पुन्हा तिथेच अडले.

"गेलं," ते म्हणाले. "तेही गेलं."

मागून सीमाचा आवाज आला. "वारा निरोप आणी गं, आता निजू दे जिवा."

आजोबा वळून बघतच राहिले. "तुला कसं येतं?"

"मला ह्यावरच झोपवायची ती. मला वाटायचं, सगळ्याच आया हे म्हणतात."

मग दोघांनी ते गाणं सबंध म्हटलं. जाईने फोन काढला, क्षणभर हातात धरला आणि परत खिशात ठेवला. ती माझ्या पाय ठेवायच्या पट्ट्यांपाशी फरशीवर मांडी घालून बसली. "पल्याड मीन्स व्हॉट? आणि निरोप?" तिने एकेक शब्द विचारला, आजोबांनी एकेक शब्द उलगडून सांगितला. संग्रहालय बंद व्हायची सूचना झाली तरी त्यांचं चाललंच होतं.

मित्रांनो, इतकी वर्षं मी माणसं वाहिली, पण त्या दुपारी माझ्या चाकांचं सार्थक झालं. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातलं म्हातारं माणूस बोलता बोलता अडलं, तर घाईने विषय बदलू नका. जवळ बसा. पुढची ओळ तुम्हाला येत असेल तर म्हणा. येत नसेल, तर त्यांना ती सापडेपर्यंत थांबा.