झुलीशिवाय टीझल

चगबाईंनी मला रविवारपर्यंतची मुदत दिली.

"ऑलिव्ह, एक तर तुझ्या घोडीवर झूल चढव, नाहीतर माझं कुरण सोड. रोज कुणी ना कुणी फिरायला येतं, फाटकापाशी थांबतं आणि मला नावं ठेवतं. अर्धी भादरलेली घोडी थंडीत उघडी ठेवलीय म्हणे! मला मान वर करून चालता येत नाही गावात."

नवरा आर्थर वारल्यापासून चगबाई एकट्याच शेत सांभाळत होत्या आणि लोकांचं बोलणं त्यांना फार लागायचं. एक्समूरच्या या उघड्या माळरानावर भर हिवाळ्यात दुसरं कुरण मिळणं अशक्य. म्हणजे टीझलला विकायचं, आणि एकोणीस वर्षांची घोडी कोण कशासाठी विकत घेतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

झूल ती अंगावर ठेवूच देत नाही. दोन वर्षांपूर्वी झुलीचा पट्टा कुंपणाच्या तारेत अडकला आणि घाबरून तिने पाय सोलवटून घेतला. तेव्हापासून झूल दिसली की घोडीबाई मागच्या दोन पायांवर उभ्या. बरं, केस मुळीच कापले नाहीत तर टेकडी चढताना घामाने निथळते आणि मग संध्याकाळपर्यंत वाळत नाही. म्हणून शेजारचा विल्फ दर नोव्हेंबरात तिच्या गळ्याखालचे, छातीवरचे आणि पोटाखालचे केस भादरून देतो. पाठीला, कमरेला, पायांना हात लावत नाही. म्हातारा ऐंशीचा आहे आणि जन्म घोड्यांत गेलाय.

"पोटात वाळलं गवत आणि वाऱ्याला आडोसा, एवढं असलं की घोड्याला काही होत नाही," तो मला दरवर्षी बजावतो. "गवत कमी पडू देऊ नकोस पोरी. आणि ब्रशने खरारा करू नकोस. मळ राहू दे."

शनिवारी मला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. उद्या चगबाई बघायला येणार आणि घोडी चिखलाने माखलेली! पाहुणे येणार म्हणून आपण घर झाडतो, तसा मी ब्रश उचलला. डावी बाजू तासभर घासून चकचकीत केली. मग खांदा भरून आला, म्हणून उजवी तशीच राहिली. ती बाजू बाईंना दिसणार नाही अशी घोडी उभी करायची, असा बेतही मी करून टाकला. अक्कल कमी असली की बेत फार सुचतात.

रविवारी सकाळी आधी पाऊस पडला, मग बर्फ. प्रार्थना आटोपून चगबाई आल्या, तेव्हा मी आणि विल्फ फाटकातच होतो. टीझल कुंपणाशी उभी होती आणि थरथरत होती.

"बघ! डोळ्यांनी बघ!" चगबाई ओरडल्या. "कुडकुडतेय बिचारी!"

विल्फने घोडीच्या डाव्या अंगाला हात लावला. केस भिजून कातडीला चिकटले होते.

"हिला घासलं कुणी?"

"मी."

"शाबास! अंगावरचं पाणी अडवणारं सगळं तेल काढलंस आणि पावसात उभी केलीस. तिचा कोटच काढून घेतलास की!"

"चगबाई, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमच्यासमोर ती बरी दिसावी म्हणून केलं. तिला शिक्षा नका देऊ."

विल्फने गवताचा भारा आणून घोडीपुढे टाकला आणि चगबाईंना हाक मारली. "बाई, जरा या बाजूला या."

उजवीकडे चिखलाने राठ झालेल्या केसांवर बर्फाचा जाड थर होता.

"अरे देवा, इथे तर बर्फ साचलाय!"

"साचलाय, म्हणजे वितळला नाही. आतली ऊब बाहेर निसटत नाहीये. हातमोजा काढा आणि केसांत हात घाला."

त्यांनी हातमोजा काढला. बोटं केसांत खुपसली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी दुसराही हातमोजा काढला.

पलीकडून विल्फ मूठभर पेंढ्याने ओले केस उलटे चोळत होता. टीझल गवत खात होती. तिची थरथर हळूहळू थांबली.

"राहू दे तिला इथेच," चगबाई म्हणाल्या. "आणि ऑलिव्ह, तो ब्रश पुन्हा माझ्या कुरणात दिसला, तर तुलाच हाकलून देईन."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं शिकवूनही न शिकलेल्या माझ्यासारख्या बाईला न कंटाळणाऱ्या या म्हाताऱ्याचे उपकार मी कसे फेडू? आणि लोकांचं ऐकून आलेली ही बाई, तिने स्वतःचा हात लावून पाहिला! चगबाईंचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. त्यांचे दोन्ही हात अजून टीझलच्या केसांत होते.

"आर्थरचे हात असेच गरम असायचे," त्या म्हणाल्या. "ऐन जानेवारीतसुद्धा."

मग मी आणि विल्फ बर्फात उभे राहिलो आणि त्यांना घाई केली नाही.