उजवा पंख

चैत्राचं ऊन गच्चीवरच्या खोलीत शिळ्या पिठल्यासारखं साचलं होतं. पिवळं, जाड, कडेला सुकत चाललेलं. त्या उन्हात गोंदाचा वास घशाला बसत होता. गोंद बोटांवर, गोंद नखांत, गोंद चहाच्या कपाच्या कानाला.

खोलीभर विमान पसरलं होतं. रिमोटवर उडणारं, माणसाएवढं लांब, खोक्यातून सुट्ट्या तुकड्यांत आलेलं. हलक्या लाकडाच्या फासळ्या, फासळ्यांशेजारी फासळ्या. विश्वंभररावांना त्या बघवत नव्हत्या. शेवटी शेवटी बायकोच्या, कुमुदच्या, अशाच फासळ्या त्यांनी ओल्या फडक्यानं पुसल्या होत्या.

डावा पंख दोघांनी मिळून केलेला. त्यावरचं पिवळं आवरण तिनं इस्त्रीनं चढवलं होतं. एक सुरकुती नाही. उजवा राहिला, आणि ती गेली. वर्षश्राद्धाला विमान उडवायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

जिन्यातून बहिणीचा, यमुनाक्काचा, आवाज आला. "विश्वा, संपलं का रे तुझं खेळणं? जिन्याच्या कठड्यालासुद्धा गोंद लावून ठेवलायस!"

"वर येऊ नकोस, अक्का."

"नाही येत बाबा. मन रमतंय ना तुझं, झालं तर."

रमतंय. त्यांच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

त्यांनी एकट्यानं केलेला नवा पंख उचलला, कुमुदच्या डाव्या पंखाला लावला. कुमुद म्हणायची, "नमस्कार करून बघा. तळव्याला तळवा जुळला, तरच जोडी." जाड काठावर पातळ काठ आला. फिरवून बघितलं. पुन्हा तेच. त्यांनी दुसराही डावाच केला होता.

फासळ्या ज्यावर मांडून चिकटवायच्या, तो नकाशा एकट्या डाव्याचा असतो. उजव्यासाठी तो पालथा घालायचा, पाठीला तेल चोळायचं, म्हणजे रेघा कागदाच्या या बाजूला दिसतात. आधीच्या प्रत्येक विमानाला ते काम कुमुदचं.

स्वतःच्या हातांची त्यांना किळस आली. पंख गुडघ्यावर मोडला. इतकं हलकं लाकूड. मोडतानाही धड आवाज करत नाही.

मग फळीवरची तिची खोबरेलाची बाटली काढली. झाकण उघडताच खवट वास अंगावर आला. बाटलीच्या तोंडाशी तिचा एक केस चिकटलेला. फेकायला हात वर गेला, आणि तसाच थांबला.

तळवा भरून तेल घेतलं. नकाशाच्या कोऱ्या पाठीवर ते चोळत राहिले, तापात तिचं कपाळ चोळायचे तसे. कागदातून एक रेघ वर आली, मग दुसरी, मग फासळी, फासळी, फासळी. आणि पिवळ्या उन्हात, ओला, वास मारणारा, उजवा पंख हळूहळू उघडत गेला.