न बुडवलेली जाळी

मित्रांनो, प्रिय वस्तू जपणे हा सद्गुण खरा. परंतु ती जपताना दुसऱ्याच्या जिवावर तर बेतत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी जपणाऱ्याचीच असते. ती चुकली, तर हेतू कितीही निर्मळ असो, फळ टळत नाही. मी मासे उचलून घेण्याची हातजाळी आहे, जुनी आणि आता निरुपयोगी. ती जबाबदारी चुकली, ती माझ्यापायी.

वेल्समधील पाटीच्या दगडाच्या खाणीलगत एक गाव आहे. तेथे मी घडले. खाणकामगार इदवल याने लाकडाची पट्टी वाफेवर वाकवून माझी गोल कडी केली आणि त्याची पत्नी मोरविद हिने सुती दोऱ्याने माझे अंग विणले. त्या हिवाळ्यात ती आजारी होती. अंथरुणात बसून ती रोज दोन ओळी विणी. तळाशी एक गाठ तिच्या हातून दुहेरी पडली. इदवल ती उसवू लागला, तेव्हा ती म्हणाली, "राहू दे रे. मासा काय गाठी मोजत बसणार आहे?"

वसंत येण्यापूर्वीच ती गेली. पुढे मला वाळत घालताना इदवल त्या गाठीवर अंगठा ठेवून क्षणभर थांबत असे.

गावाच्या वरच्या अंगाला एक लहानसे तळे होते. ग्वेनलियन नावाच्या बाईच्या वडिलांनी ओढ्याला बांध घालून ते केले, आणि त्यांच्यामागे ती ते राखीत असे. लोक पैसे भरून तेथे गळ टाकीत; तिचा चरितार्थ त्यावरच, अभिमानही त्याचाच. तळ्यात ट्राउट जातीचे मासे आपोआप उपजत नसत. दर पंधरवड्याला मत्स्यपालन केंद्रातून टाकीची गाडी येई आणि ग्वेनलियन बादल्या भरभरून ते इंद्रधनुषी मासे पाण्यात सोडी. हौदात वाढलेले ते जीव भाबडे. तिच्या बुटांचा आवाज आला की आता खाणे मिळणार, असे समजून काठाशी गोळा होत. इदवल पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर अलगद उतरवी आणि गळाला लागलेला मासा थकला की मी त्याच्याखाली जाई. सतरा वर्षे हे काम मी इमानाने केले. माझ्या कडीचे रोगण पाहून लोक कौतुक करीत.

फाटकाजवळ औषधी पाण्याचे एक पिंप होते. दुसऱ्या तळ्याच्या ओलाव्याबरोबर रोग येतो, म्हणून प्रत्येकाने आपली जाळी आधी त्यात बुडवावी, असा तेथील नियम होता. परंतु त्या पाण्याने सुती दोरा कुजतो, असे कोणीतरी इदवलला सांगितले होते. तेव्हापासून तो मला कोटाच्या आत दडवून फाटक ओलांडी.

"जाळी बुडवलीस का रे, इदवल?" ग्वेनलियन खोपीतून ओरडून विचारी.

"बुडवली, बाई, बुडवली! आता मलाही बुडवतेस का?"

"नको रे बाबा. पिंपातलं पाणी नासायचं!"

दोघेही हसत. मी कोटाखाली न बुडवलेलीच.

एका मे महिन्यात इदवल मला घेऊन पलीकडच्या खोऱ्यातील तळ्यावर मासेमारीला गेला. तेथे काही मासे कुशीवर कलून पोहत होते. "थंडीनं सुस्तावलेत," असे तो स्वतःशीच पुटपुटला. दुसऱ्या सकाळी, अजून ओलीच, मी ग्वेनलियनच्या तळ्यात तीनदा उतरले.

बाराव्या दिवशी पहिला मासा पोट वर करून तरंगला. मग रोज तरंगू लागले, कल्ले पांढरेफटक. सरकारी माणसे आली, त्यांनी पाणी तपासले आणि आज्ञा दिली: उरलेले सारे मासे मारावेत, तळे रिकामे करावे, तळाशी चुना पसरावा. मासे पकडायचे, तर ते एका जागी यायला हवे होते. तेव्हा ग्वेनलियन काठावर गेली आणि तिने बूट आपटले. मासे विश्वासाने आले.

तळे आटल्यावर इदवल मला उघडपणे हातात घेऊन तिच्यापुढे उभा राहिला.

"ग्वेन, ही जाळी मी कधीच बुडवली नाही. एकदाही नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. "मोरविदची ना?"

"हो."

"मला सांगायचंस रे. खोपीत बाबांची पडली होती, ती दिली असती. ही घरी भिंतीवर राहिली असती."

इदवल फाटकाशी गेला आणि त्याने मला मुठीपर्यंत पिंपात बुडवले.

"आता कशाला?" ती म्हणाली. तरी तो कितीतरी वेळ मला तशीच धरून उभा होता.

मित्रांनो, त्या पाण्याने माझा एकही दोरा कुजला नाही. ती दुहेरी गाठ अजून तशीच आहे.

रोग माझ्यातूनच आला, हे कोणी सिद्ध केले नाही. इदवलला आणि मला पुराव्याची गरज भासली नाही. फाटकाला आता कुलूप आहे. ग्वेनलियन शहरात बहिणीकडे राहते. इदवल मासेमारीला जात नाही, आणि मी खुंटीवर कोरडी लोंबते. तुम्ही जे जपाल, ते लपवून जपू नका. ज्याच्या दारातून ते न्याल, त्याला आधी विचारा. याहून अधिक सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

ग्वेनलियनला शांत झोप लाभो. इदवलच्या अंगठ्याला ती गाठ सापडत राहो. आणि पावलांच्या आवाजाला भुलून जे काठाशी आले, त्यांचे कल्याण असो.