डावरीची गाठ

युद्धाचं तिसरं वर्ष. बेटावर बोट कधीमधी यायची. समुद्र मात्र मेलेले शिपाई न चुकता आणून टाकायचा. आपला कोण, शत्रूचा कोण, हे बेटावरच्या बायका विचारत नसत. अंग धुवायचं, मातीत गारठा लागू नये म्हणून कोट गळ्यापासून खालपर्यंत जाळ्याच्या डांबरी दोऱ्यानं शिवायचा आणि टेकडीमागे पुरायचं. शिवणं जाळी विणणाऱ्या डावरीकडे. डावखुरी असल्यामुळे तिची गाठ जगाच्या उलट बसायची.

त्या सकाळी चौकीतला हवालदार जाळ्यांच्या खोपटात आला तो काखेत लोकरी कोट घेऊन. त्याची बदली झाली होती. दुपारच्या बोटीनं डावरी त्याच्याबरोबर जायची होती, लग्न करायला.

"घाल बघू. तिकडे थंडी मी म्हणते."

"वन्सं, नशीब काढलंत!" शेजारी जाळं विणणारी भावजय म्हणाली. "आमच्या ह्यांनी जन्मात एक रुमाल आणला, तोही स्वतःचं नाक पुसायला."

डावरीनं लाजत कोट चढवला. साबणाचा वास आला आणि त्याच्याखालून ओल्या मातीचा. बोटं दुसऱ्या काजापाशी अडली. डांबरी दोऱ्याचा चाकूनं कापलेला तुकडा. त्यावर गाठ. उलटी.

मागच्या उधाणात वाहून आलेला तो बसक्या नाकाचा शिपाई पोरगा. त्याच्या कानातली वाळू तिनंच काढली होती.

"कुठून आणलात?"

"गोदामातून."

"गोदामात माझी गाठ कशी गेली?"

हवालदारानं गाठीकडे पाहिलं. ती गाठ त्याला रफू वाटली होती. "अगं, मेलेल्याला कसली थंडी? त्यातून शत्रूचा. तुझ्यासाठीच केलं ना!"

तिच्यासाठीच केलं होतं, हे खरंच होतं. काल याच हातांनी त्यानं तिचा गाल धरला होता. तिनं मनगटानं गाल पुसला. पुन्हा पुसला.

"वन्सं, कोट टाका, माणूस ठेवा," भावजय कुजबुजली. "बोट काय रोज येते?"

"वहिनी, याच्या हातचं पाणीसुद्धा आता घशाखाली उतरायचं नाही." मग ती त्याच्याकडे वळली. "चल. फावडं घे."

टेकडीमागे माती नुसती वरवर लोटलेली होती. एक पाय उघडा पडला होता. हवालदारानं नाकाला रुमाल लावला.

"नाक काय झाकतोस? तुझीच करणी आहे."

ती मात्र नाक न धरता वाकली आणि हातांनी माती बाजूला केली. अंगातला कोट काढून पोरग्यावर पांघरला आणि कडेनं त्याच्या कपड्यांना शिवत गेली, एकेका टाक्याला दोन-दोन गाठी मारत. खाली बोटीचा भोंगा वाजला. हवालदार चुळबुळला.

"येतेस ना?"

तिनं दातांनी दोरा तोडला. "माती लोट. नीट. मग जा."

बोट निघाली तेव्हा ती किनाऱ्यावर वाळूनं हात घासत होती. हात केव्हाच स्वच्छ झाले. मग तिनं मूठभर ओली वाळू गालाला लावली.