थोरलीच्या केसांचा गोफ

त्या शहरात माणूस गेलं की आधी त्याचे केस कापून घेत आणि मग शवपेटीवाल्याला बोलावत. ते केस कागदात गुंडाळून मावशीच्या दुकानात येत. गिरण्यांच्या धुराने दिवसाढवळ्याही गॅसचे दिवे लावावे लागत, आणि त्या पिवळ्या उजेडात मावशी आणि तिची अठरा वर्षांची भाची, म्हणजे धाकटी, समोरासमोर बसून मेलेल्यांचे केस विणत. सोड्याच्या पाण्यात उकळायचे, लांबीप्रमाणे लावायचे, मधोमध भोक असलेल्या गोल टेबलावर बटा पसरून प्रत्येकीला शिशाचं वजन बांधायचं आणि एकीवरून एक टाकत गोफ विणायचा. त्याच्या अंगठ्या होत, कंकणं होत. मावशी म्हणायची, आपल्या धंद्यात गिऱ्हाईक रडतं फार, पण माल परत आणत नाही.

नियम एकच होता. काम थांबलं की टोक डिंक लावून बंद करायचं. मेलेल्याच्या केसांचं टोक उघडं ठेवायचं नाही. का, ते मावशीला तिच्या मावशीने सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

एका सकाळी डॉक्टर आला. धाकटीच्या थोरल्या बहिणीचा तो नवरा. थोरली जाऊन दहाच दिवस झाले होते. ताप संसर्गाचा होता म्हणून पेटी बंदच ठेवली होती. आईमागे जिने दोघींना वाढवलं त्या मावशीलाही तिचं तोंड बघू दिलं नव्हतं. त्याने टेबलावर लिफाफा ठेवला. ती झोपेतच गेली, आपण स्वतःच्या हाताने केस कापले, आता त्यांचा गळ्यात घालून घड्याळ अडकवायचा गोफ हवा आणि तोही धाकटीच्याच हातचा, असं तो शांतपणे सांगत होता. हातमोजे त्याने काढले नाहीत.

तो गेल्यावर धाकटीने केस पांढऱ्या कापडावर पसरले आणि तिचे हात थांबले. प्रत्येक केसाच्या एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरा ठिपका होता. कात्रीने कापलेल्या केसाला मूळ नसतं.

मावशीने भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग पुसून ठेवत म्हणाली, "शहरात कोण कशाने मेलं, ते तोच लिहून देतो. आपलं कोण ऐकणार?" आणि थोड्या वेळाने, मान वर न करता, "वीण. मन लावून वीण."

धाकटीने आठ दिवस मन लावून विणलं. शेवटी गोफाच्या टोकाला सोन्याची टोपी बसवताना तिने डिंकाची बाटली उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी मोजलं तर गोफ बोटभर वाढला होता. तिने पुन्हा मोजलं, मग मोजपट्टी खणात टाकली आणि गोफ डब्यात घालून डॉक्टरच्या घरी पोचवला.

पंधरवड्याने तो आला. गोफ लांब झाला होता. गळ्याला दोन वेढे बसत होते. धाकटीने हातभर कापून दिला. त्या टोकालाही तिने डिंक लावला नाही. आठवड्याने पुन्हा आला, तेव्हा कॉलर हनुवटीपर्यंत बंद होती आणि आवाज बसला होता. आता वेढे तीन होते.

"घालू नका ना, भाऊजी," ती म्हणाली.

"झोपताना काढून ठेवतो. सकाळी गळ्यात असतो."

तिसऱ्या खेपेला भर दुपारी, टोपीशिवाय, गाडी न करता पायी आला. मावशी उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्याने कॉलर सोडली. धाकटीने कात्री घेतली, वाकली, आणि तिला आपल्या बहिणीच्या डोक्याचा वास आला, न्हाऊन आलेल्या.

"काप," तो म्हणाला. "सगळा काप."

"आधी सांगा. ताई झोपेत गेली?"

त्याने गोफात बोट घालून तो सैल करून पाहिला. खरं बोलायला त्याला नुसते ओठ हलवायचे होते.

"हो," तो म्हणाला.

धाकटीने कात्री टेबलावर ठेवली. "मग तिचेच तर केस आहेत, भाऊजी. ते तुम्हाला काय करणार?"

चौथ्या दिवशी तो दवाखान्यातल्या खुर्चीत सापडला. दुसऱ्या डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहून दिलं. बातमी ऐकून धाकटी पोटभर जेवली, दोनदा वाढून घेतलं, आणि मावशीने पातेलं तिच्याकडे सरकवलं.

महिन्याभराने काळ्या कपड्यांतली एक मुलगी दुकानात आली, धाकटीच्याच वयाची. डॉक्टरशी हिचं लग्न ठरलं होतं. थोरली जिवंत असतानाच त्याने ते मनात ठरवलं होतं की नंतर, हे हिलाही ठाऊक नसावं असं तिच्याकडे बघून वाटत होतं. कंकणाला लहानशी कडी बसवून हवी होती. तिने हातमोजा काढला. मनगटावर तोच गोफ होता, आखडून दोनच वेढ्यांचा झालेला.

"त्यांच्या टेबलावर सापडला," ती म्हणाली. "आठवण म्हणून घातला. आता सुटतच नाही."

धाकटीने या वेळी काही विचारलं नाही. कात्री उचलली, तिचा हात घट्ट धरला आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "ताई, ही नाही. हिला सोड."

मुलीने झटकन हात मागे घेऊन छातीशी धरला.

"कापू नका. ऊब असते त्याला. रस्त्याने चालताना कुणीतरी हात धरून नेतंय असं वाटतं."

"कुठे नेतं?"

"नदीकडे," ती लाजून हसली आणि हातमोजा चढवू लागली. "रोज थोडं पुढे."